वाळूतील पाकट, गिटारफिश आणि गरम पाण्याची बादली

समुद्रकाठी राहणाऱ्या आपणा गोमंतकीयांस पाकट नवे नाही. मात्र बहुतेकांची त्याच्याशी ओळख मासळीबाजारातली. आता मुरगावजवळील ग्रँड आयलंड, मालवण, मुरुडेश्वरसमोरील नेत्राणी येथे स्कूबा डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांत आपली मुलेबाळे आणि क्वचित आपण स्वतःही असतो. तेथे हा प्राणी त्याच्या घरी भेटतो.

पन्नाशी उलटल्यावर मी प्रथम पाण्याखाली उतरलो. पाणी गढूळ होते. तळाच्या वाळूत दोन डोळे आणि त्यांमागे उघडमीट करणारी दोन छिद्रे दिसली. तोंड व कल्ले पोटाच्या बाजूस असल्याने पाकट वाळूत दडून याच छिद्रांतून पाणी आत घेते. मार्गदर्शकाने हात धरून मला वर ओढले, तोच वाळूचा लोट उठला आणि ते शांतपणे निघून गेले. पाकट आपण होऊन हल्ला करीत नाही. अंगावर पाय पडला किंवा वाट अडली, की शेपटी उसळते. म्हणून तळापासून अंतर राखावे, त्याच्या वर तरंगू नये, त्यास निसटण्यास मोकळी दिशा ठेवावी. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत न्यावेत.

गिटारफिश पाहून तर नवखा हमखास फसतो. पुढून चपटे पाकट, मागून दोन पृष्ठपर असलेली मुशी, असा त्याचा घाट. तो पाकटांचाच आप्त. परंतु त्याच्या शेपटीस विषारी काटा नसतो. भय असलेच तर ते त्यास आपले आहे. पिले थोडी, वाढ सावकाश आणि ट्रॉलरच्या जाळ्यांचा मारा, यांमुळे त्याच्या अनेक जाती आज अतिसंकटग्रस्त आहेत. २०१९ साली मोठे गिटारफिश व त्यांचे निकटचे आप्त वेजफिश यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारान्वये नियंत्रण आले. असा मासा दिसला तर दुरून डोळे भरून पाहावा.

आता आपल्या व्यवसायाकडे वळतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तरुण मच्छीमाराच्या पावलात पाकटाचा काटा घुसला होता. मी जखम धुतली, धनुर्वाताची लस दिली आणि सूज पाहून बर्फ लावला. तो रात्रभर तळमळला. हवे होते ते बर्फाच्या उलट. काट्यावरील आवरण जखमेत फाटते व त्यातील प्रथिनयुक्त विष ऊतींत उतरते; उष्णतेने ते निष्प्रभ होते असे मानतात. जखमी अवयव सोसवेल इतक्या गरम, पण ४५ अंश सेल्सिअसहून अधिक नव्हे, अशा पाण्यात ३० ते ९० मिनिटे ठेवावा. पाण्याची परीक्षा रुग्णाच्या धड अवयवाने करावी. दुखऱ्या पायास चटका कळतोच असे नाही. पुढे अशा एका रुग्णाचे विव्हळणे बादलीत पाय ठेवल्यावर अर्ध्या तासात थांबलेले पाहिले, तेव्हा तो जुना मच्छीमार आठवला.

वेदना शमली म्हणजे काम संपले असे नाही. काट्याचे दाते उलटे असतात. तुकडे आत राहतात. क्ष-किरण चित्र घ्यावे, मात्र आवरणाचे अवशेष त्यात दिसत नाहीत, म्हणून जखम नीट तपासावी. खोल जखम लगेच शिवू नये. प्रतिजैविक निवडताना समुद्रातील व्हिब्रिओ जंतूंचा विचार असावा. ऊतींचा नाश काही दिवसांनीही दिसतो, तेव्हा रुग्णास पुन्हा बोलवावे.

छाती, पोट वा मान यांत रुतलेला काटा घटनास्थळी कधीही उपसू नये. तो तसाच स्थिर करून रुग्णास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियात स्टीव्ह अर्विन यांचा मृत्यू छातीवरील अशाच आघाताने झाला. असे मृत्यू अत्यंत विरळ. पावलाच्या जखमा मात्र नेहमीच्या, आणि त्यांसाठी होडीवर गरम पाण्याचा थर्मास पुरतो. ग्रँड आयलंडच्या पुढल्या फेरीत आमच्या होडीवर तो होता. त्यातल्या पाण्याचा चहा झाला.