तौलनिक स्वाध्यायासाठी कलाकृतींची निवड

इंग्रजीच्या शालेय स्वाध्यायात दोन कलाकृतींची तुलना करावयाची असता विद्यार्थी प्रथम कथानकातील साम्य शोधतो. अशी तुलना साम्यभेदांच्या यादीतच संपते आणि चित्रपट हा मूळ कृतीची उणी प्रत ठरतो. वस्तुतः एकाच प्रश्नाला भिन्न उत्तरे देणाऱ्या कलाकृती निवडणे आवश्यक आहे.

शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'चेच उदाहरण घेऊ. विशाल भारद्वाज यांच्या 'मकबूल'मध्ये (२००३) चेटकिणींची जागा दोन पोलीस अधिकारी घेतात. ते भविष्य वर्तवितात, तसेच घटनांत हस्तक्षेपही करतात. परिणामी अपराधाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न नियतीकडून व्यवस्थेकडे वळतो. अकिरा कुरोसावा यांच्या 'थ्रोन ऑफ ब्लड'मधील (१९५७) नायक मॅकडफसारख्या प्रतिस्पर्ध्याच्या हातून मरत नाही. त्याचेच सैनिक त्याला बाणांनी विंधतात. स्वामिद्रोह्याचा अंत येथे स्वामिद्रोहानेच होतो.

म्हणजेच उत्तरदायित्वाची चर्चा करावयाची असल्यास 'मकबूल', तर शेवटाच्या अर्थाची चर्चा करावयाची असल्यास कुरोसावा अधिक उपयुक्त ठरतो. यास्तव शिक्षकाने निवडीपूर्वी विद्यार्थ्याकडून तुलनेचा प्रश्न एका वाक्यात लिहवून घ्यावा. तो लिहिता येत नसेल, तर जोडी बदलणेच इष्ट होय.