ज्ञानकोशातील एक नोंद

परळच्या एका शाळेतील सातवीच्या वर्गाने मराठी विकिपीडियासाठी एक नोंद लिहावयाचे ठरविले. विकिपीडिया हा संगणकावर वाचावयाचा ज्ञानकोश होय. मराठीला ज्ञानकोश नवीन नाहीत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे 'मराठी विश्वकोश' आकारास आला. त्या कोशांतील नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिल्या. विकिपीडियावर मात्र कोणालाही लिहिता येते आणि दुसऱ्याचे लिहिणे सुधारताही येते. अशा ठिकाणी लेखकाच्या मोठेपणावर कोणी विसंबत नाही. लिहिलेले वाक्य कोणत्या छापील आधारावर उभे आहे, एवढेच पाहिले जाते.

विषय होता 'इंग्रजी अमदानीतील फौजदारी न्याय'. तो फार मोठा असल्यामुळे बाईंनी एकच खटला निवडावयास सांगितले. मुलांनी एकमुखाने लोकमान्य टिळकांवरील १९०८ चा खटला निवडला. त्यात नवल नव्हते. त्या खटल्याच्या निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले होते, आणि वर्गातील बहुतेक मुले गिरणगावातीलच होती.

पहिला मसुदा दोन दिवसांत तयार झाला. त्याचा आरंभ असा होता : "दुष्ट इंग्रजांनी भारतमातेच्या थोर सुपुत्राला खोट्या खटल्यात गोवून अंदमानला धाडले." वर्गाने टाळ्या वाजविल्या. बाईंनी शांतपणे विचारले, "यातील किती शब्द आपल्याला दाखवून देता येतील?"

मुले शोधू लागली. अंदमान तर पहिल्याच दिवशी गळाले. टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली खरी, परंतु पुढे ती साध्या कैदेत बदलण्यात आली आणि त्यांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे ठेवण्यात आले. तेथून ते १९१४ मध्ये सुटले. 'दुष्ट' हा शब्द दाखविता येत नाही, तो वाचकाच्या मनात उमटला तर उमटावा. 'खोटा खटला' हेही नेमके नव्हते. 'केसरी'त १९०८ च्या मे-जूनमध्ये लेख आले होते, आणि ते आपण छापले हे टिळकांनी नाकारले नव्हते. ते लेख राजद्रोहाचे आहेत काय, एवढाच वाद होता. हा वाद पुसून टाकला, तर टिळक न्यायालयात कशासाठी झगडले हेच वाचकाला कळणार नाही.

"म्हणजे इंग्रजांची बाजू घ्यावयाची?" एका मुलाने रागाने विचारले.

"बाजू कोणाचीच घ्यावयाची नाही. काय घडले ते इतके नेमके सांगावयाचे, की वाचकाने स्वतःच न्याय करावा," बाई म्हणाल्या. मुलाचे समाधान झाले नाही, आणि ते इतक्या लवकर होण्यासारखेही नव्हते.

मग ज्यूरी म्हणजे काय, याचा शोध सुरू झाला. इंग्लंडमध्ये आरोपी दोषी की निर्दोष हे न्यायाधीश एकटा ठरवीत नसे. सामान्य नागरिकांतून निवडलेले बारा पंच ते ठरवीत. त्यांनाच ज्यूरी म्हणत. पंचांनी राजसत्तेपुढे मान तुकविली नाही, असेही प्रसंग त्या देशात घडले. १६७० मध्ये लंडनमध्ये विल्यम पेन याच्यावर रस्त्यात बेकायदा धर्मसभा भरविल्याचा खटला झाला. पंच त्याला दोषी ठरवीनात, म्हणून त्यांना अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवण्यात आले आणि शेवटी दंडही करण्यात आला. एडवर्ड बुशेल नावाच्या पंचाने तो दंड भरावयाचे नाकारले व वरच्या न्यायालयाकडे दाद मागितली. पंचांना त्यांच्या निर्णयाबद्दल शिक्षा करता येणार नाही, असा निवाडा तेथे मिळाला.

त्या काळचे इंग्रजी कायदे आपल्याच देशातील गरिबांवरही कठोर होते. एका शिलिंगाहून अधिक किमतीचा ऐवज खिशातून लांबविल्यास फाशी, हा कायदा १८०८ पर्यंत होता. राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी झाली तरी फाशीच. तेव्हा पंच काय करीत? चोरलेल्या वस्तूची किंमत ३९ शिलिंग ठरवीत, आणि आरोपीचा जीव वाचे. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील १६७४ ते १९१३ या काळातील खटल्यांचे छापील वृत्तान्त आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. त्यांत असे ३९ शिलिंग पुन्हा पुन्हा भेटतात. 'इंग्रजी कायदे क्रूर होते' या वाक्यापेक्षा तो एक आकडाच अधिक सांगून जातो, हे मुलांच्या ध्यानी आले.

परंतु इंग्लंडातील ज्यूरी आणि मुंबईतील ज्यूरी या सारख्याच होत्या काय? येथेच मुलांना खरी गोष्ट सापडली. त्या वेळी इंग्लंडमध्ये बाराही पंचांचे एकमत झाल्यावाचून कोणाला दोषी ठरविता येत नसे. मुंबईच्या उच्च न्यायालयात पंच असत नऊ. १८९८ च्या फौजदारी कायद्याप्रमाणे त्यांतील सहांचे मत जुळले आणि न्यायाधीशाला ते पटले, की निकाल होई. टिळकांच्या खटल्यात सात पंच युरोपियन होते व दोन पारशी. त्या सातांनी त्यांना दोषी ठरविले, दोघांनी निर्दोष. टिळक इंग्लंडमध्ये असते, तर सात विरुद्ध दोन या मतांवर त्यांना शिक्षा झाली नसती. न्यायाची ही रीत इंग्रजांनी येथे आणली खरी, पण वाटेत तिचे माप बदलले.

आणखी एक गोष्ट मराठी शिकणाऱ्या मुलांना विशेष लागली. लेख मराठीत होते आणि पंचांतील युरोपियनांना मराठी येत नव्हते. त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतर ठेवण्यात आले. हे भाषांतर ठिकठिकाणी मुळाला सोडून आहे, असे टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन दाखवावयाचा प्रयत्न केला. त्यांनी वकील न देता स्वतःच आपली बाजू मांडली आणि ते सुमारे एकवीस तास बोलले. एका शब्दाच्या छटेवर माणसाची सहा वर्षे अवलंबून असू शकतात!

न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्याविषयी मुलांनी दोन ओळी रागाच्या लिहिल्या होत्या. त्या काढून त्यांनी तेथे एक सत्य गोष्ट घातली. १८९७ मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी न्यायालयात उभे राहिलेले बॅरिस्टर दावरच होते. १९०८ मध्ये त्यांनीच न्यायाधीश म्हणून जामीन नाकारला. यावर टीकाटिप्पणी करावयाची गरज कोणालाच वाटली नाही.

निकाल २२ जुलै १९०८ च्या रात्री लागला. दुसऱ्या दिवशी टिळकांच्या वयाला ५२ वर्षे पूर्ण होत होती. त्या दिवसापासून गिरण्या बंद पडू लागल्या. शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस, असा सहा दिवस संप चालला. सरकारने लष्कर आणले, गोळीबार झाला व कामगार मृत्युमुखी पडले.

हा भाग लिहिताना मात्र मुलांची लेखणी अडली. न्यायालयातील शब्द न् शब्द उपलब्ध होता. न. चिं. केळकर यांनी खटल्याचा संपूर्ण वृत्तान्त १९०८ मध्येच प्रसिद्ध केला होता. पोलिसांच्या दप्तरांतील कागद १९५८ मध्ये मुंबई सरकारने ग्रंथरूपाने छापले होते. परंतु जे रस्त्यावर उतरले, ते स्वतः काय म्हणत होते? त्यांच्यातील बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पोलिसांच्या अहवालात त्यांचा उल्लेख आहे तो जमाव म्हणून. "हे पोलिसांचे म्हणणे आहे, असे स्पष्ट लिहा. म्हणजे वाचक सावध होईल," असे बाईंनी सांगितले.

तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माझ्या आजीचे आजोबा त्या संपात होते. आजी सगळे सांगते. ते लिहू का?"

वर्ग आनंदला, पण बाईंना नाही म्हणावे लागले. जे कोठेही प्रसिद्ध झालेले नाही, ते ज्ञानकोशात घालता येत नाही. दूर नागपूरच्या किंवा लंडनच्या वाचकाने ते कसे पडताळून पाहावे? मुलीचे डोळे भरून आले. आजी खोटे बोलते असे बाईंना म्हणावयाचे नव्हते. पण नियम कठोर होता, आणि तो सोडला तर उद्या कोणाचीही ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून शिरेल, हेही खरे होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात एक ग्रंथ आणला. मीना मेनन व नीरा आडारकर या दोघींनी गिरणगावातील अनेक माणसांना भेटून त्यांच्या आठवणी टिपल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केल्या, तो हा ग्रंथ. कालपर्यंत ज्या आठवणी चाळीच्या गॅलरीत सांगितल्या जात होत्या, त्या नावागावासह छापल्या गेल्या आणि मग अभ्यासकांना आधार म्हणून उपयोगी पडल्या. बाईंनी ते पुस्तक त्या मुलीच्या हाती दिले.

नोंद पुढे विकिपीडियावर गेली. तिच्यात 'दुष्ट' हा शब्द नाही आणि 'थोर'ही नाही. नऊ पंच, सात व दोन मते, सहा वर्षे व सहा दिवस हे सारे आहे. १९५६ मध्ये उच्च न्यायालयात, जेथे हा खटला चालला तेथेच, टिळकांच्या उद्गारांचा शिलालेख बसविण्यात आला, त्याचाही उल्लेख आहे. आठवड्याच्या आत कोणा अनोळखी वाचकाने एका वाक्यापुढे आधार मागितला. मुलांनी तो शोधून दिला.

त्या मुलीने मात्र एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर तिने आजीचे नाव, वय, चाळीचा पत्ता आणि त्या दिवसाची तारीख लिहिली. मग आजीजवळ बसून तिने विचारले, "आजी, तुझे आजोबा कोणत्या गिरणीत होते ग?"