मागच्या इंडिकेटरबद्दल

आळेफाटा

चि. संकेत यास,


काल ताईचा फोन आला होता. पिकअपचा डावा इंडिकेटर दिला की टकटक एकदम जोरात चालते, पण गाडी धावतेय, टोमॅटोचा हंगाम उरकला की बघू, असं तू म्हणालास म्हणे. हंगाम उरकेपर्यंत थांबू नकोस, बाबा. पत्र मिळेल त्याच दिवशी, क्रेट भरायच्या आधी, हे काम हातावेगळं कर. ते तुझं तुला जमण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

टकटक वाढली याचा अर्थ बहुतेक वेळा त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. पुढे एक आणि मागे एक, असे 21 वॅटचे दोन मोठे बल्ब एका बाजूला असतात. बारा व्होल्टवर प्रत्येक बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर करंट ओढतो. एक गेला की करंट जवळपास निम्म्यावर येतो आणि फ्लॅशर पळायला लागतो. एरवी इंडिकेटरने मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायचं असतं. तुझा पुढचा लागतोय, म्हणजे मागचा गेला.

आणि मागचा जाणं जास्त वाईट. तो तुला आरशात दिसत नाही, आणि तो असतोही दुसऱ्यासाठीच. नारायणगावहून येताना फाट्यावर तू कल्याणच्या रस्त्याला डावीकडे वळतोस, तेव्हा डाव्या फटीतून पुढे निसटू बघणारा मोटारसायकलवाला असतोच असतो. हौद्यात क्रेटची थप्पी असल्यामुळे त्याला तुझा हातही दिसत नाही. तू वळणार आहेस हे त्याला फक्त तो दिवा सांगतो. पावसाळ्यात माळशेजला धुकं उतरलं की मागच्याला तुझी गाडी दिसत नाही, दिवेच दिसतात.

आता काम. चावी काढून घे. दिव्याच्या रंगीत काचेवरचे स्क्रू स्टार स्क्रूड्रायव्हरने काढ. चिखल आणि टोमॅटोचं पाणी बसून ते गंजलेले असणार, म्हणून आधी थोडं तेल सोड, जरा वेळ थांब, मग स्क्रूड्रायव्हर चांगला दाबून फिरव. घाईने फिरवलास तर डोकं घासतं आणि पाच मिनिटांचं काम दुपारभर पुरतं. काच निघाली की बल्ब आत दाबून डावीकडे थोडा फिरव, तो सुटून हातात येतो.

दुकानात जाताना जुना बल्ब खिशात घेऊन जा. इंडिकेटरच्या बल्बला एकच तार असते आणि दोन्ही बाजूंच्या खुंट्या एका उंचीवर असतात. शेजारचा ब्रेक आणि टेलचा बल्ब दोन तारांचा, त्याच्या खुंट्या खालीवर असतात. तो यात घालायचा नाही. बारा व्होल्टचाच माग. ट्रकचा चोवीसचा दिसायला तसाच असतो, बसतोही, पण मिणमिणतो. काच नारिंगी असेल तर साधा पांढरा बल्ब, काच पांढरी असेल तर नारिंगी बल्ब. नारिंगीच्या खुंट्या बरोबर समोरासमोर नसतात, त्यामुळे तो पांढऱ्याच्या होल्डरमध्ये बसत नाही. कानस मारून बसवून देणारे लोक मी पाहिलेत. तसं कुणालाही करू देऊ नकोस. एलईडी लावायचा मोहही टाळ. तो करंट इतका कमी ओढतो की साध्या फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखंच वाटतं आणि टकटक तशीच राहते.

नवा बल्ब घालायच्या आधी होल्डरमध्ये नीट बघ. खरं सांगायचं तर हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहायला घेतलं. पितळेवर हिरवट-पांढरा थर चढलेला असेल तर तो पॉलिश पेपरने घासून काढ आणि आतलं स्प्रिंगचं टोक दाबून वर येतं का ते बघ. मग अर्थिंगची वायर शोध. ती दिव्यापासून निघून चॅसिसला बोल्टने आवळलेली असते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद उजळत असेल, किंवा इंडिकेटर देताच टेललाइट लुकलुकत असेल, तर दोष बल्बचा नाही, अर्थचा आहे. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत बल्बवर बल्ब बदललेले असतात आणि अर्थचा बोल्ट कुणी उघडलेलाही नसतो. तू तो उघड, चॅसिसचं लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घास, घट्ट आवळ आणि वरून थोडं ग्रीस लाव.

काच बसवताना आतलं रबर जागेवर आहे ना ते बघ. स्क्रू आलटूनपालटून, बेताने आवळ. काचेला तडा गेला तर पहिल्याच पावसात आत पाणी जाईल.

दिवा चालू झाल्यावर त्याचा अर्थ कायम एकच ठेव. मागच्याला पुढे काढायला सांगण्यासाठी उजवा इंडिकेटर द्यायची आपल्याकडच्या ड्रायव्हरांची पद्धत आहे, ती मला मुळीच पटत नाही. एकाला तो ‘ये पुढे’ वाटतो, दुसऱ्याला ‘मी उजवीकडे वळतोय’, आणि ज्याला खरंच उजवीकडे वळायचंय त्याच्या अंगावर मागची गाडी येते. तू वेग कमी कर, डावीकडे सरक, तेवढं पुरे. चौकात सरळ जाताना चारही दिवे लावू नकोस. बाजूने येणाऱ्याला त्यातला एकच दिसतो आणि तो तुला वळणारा समजतो.

रोज निघताना इंडिकेटर लावून एकदा गाडीच्या मागे जाऊन बघ. जास्तीचे दोन बल्ब फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेव; घाटात रात्री दुकान मिळत नाही. आणि एवढं सगळं करूनही टकटक तशीच राहिली, तर फ्यूज किंवा वायर उगाच छेडत बसू नकोस. रिकामी गाडी घेऊन दिवसाउजेडी माझ्याकडे ये, टेस्ट लॅम्प लावून पुढून मागेपर्यंतची वायर आपण दोघं मिळून तपासू.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा