भावाचा ट्रॅक्टर, आपलं बिऱ्हाड आणि सागाच्या फळ्या

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आंतरजिल्हा बदलीने आलापल्लीहून वर्ध्याला जायचं आहे. माझ्या भावाकडे स्वतःचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली आहे. तो भाडं घेणार नाही, फक्त डिझेल टाकायचं. सामानात लोखंडी कपाट, सागाचा दिवाण, जेवणाचं टेबल, धान्याची पोती आणि घर बांधताना उरलेल्या सागाच्या दहा-बारा फळ्या आहेत. भाऊ म्हणतो, "आपलंच सामान, आपलाच ट्रॅक्टर, कोण काय विचारणार?" सामान बांधणारे दोघे मजूर ट्रॉलीतच बसतील. यात काही अडचण आहे का?
– एक वाचक भगिनी, ता. अहेरी

उत्तर : ताई, अडचण आहे. तुमच्या भावाला वाटते तिथे नाही, दुसरीकडेच. आणि सगळ्यात मोठी अडचण त्या दहा-बारा फळ्यांत आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी ट्रॉली. आपल्याकडे ट्रॉलीला ट्रॅक्टरची शेपटी समजतात. मोटार वाहन कायदा, 1988 तसं समजत नाही. कलम 2(28) मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो. म्हणजे ट्रॉलीची नोंदणी वेगळी आणि तिचा विमाही वेगळा. कलम 61 सांगतं की ट्रॉलीचा स्वतःचा क्रमांक तिच्या बाजूला हवा आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांकही ट्रॉलीवर लावलेला हवा. रस्त्यावर पाहा, किती ट्रॉल्यांवर हे दिसतं. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनलेल्या अनेक ट्रॉल्यांना आरसी बुकच नसतं. शेतातून घरी कापूस आणेपर्यंत कुणी विचारत नाही, म्हणून ते चालून जातं. एमएच-33 ची ट्रॉली एमएच-32 च्या हद्दीत वर लोखंडी कपाट घेऊन उभी राहिली की मात्र विचारतात. नोंदणी नसलेलं वाहन चालवल्यास कलम 192 खाली पहिल्यांदा 2,000 ते 5,000 रुपये दंड आहे.

आता "आपलंच सामान" या मुद्द्याकडे. तुमच्या भावाचं हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही. गंमत म्हणजे कायद्यातही जवळपास तसंच लिहिलंय, पण ते त्याच्या वाहनासाठी नाही. कलम 2(13) मध्ये 'माल' म्हणजे काय ते दिलं आहे. मोटारकारमध्ये किंवा मोटारकारला जोडलेल्या ट्रेलरमध्ये नेलेलं स्वतःचं सामानसुमान 'माल' धरलं जात नाही. मग ट्रॅक्टरमागे नेलेलं घरचं सामान? कलम 2(26) मधली मोटारकारची व्याख्या वाचा. तिच्यातून ट्रॅक्टर नाव घेऊन वगळला आहे. तेव्हा तुमचा दिवाण कारमागे गेला तर सामान आणि ट्रॅक्टरमागे गेला तर माल. हा फरक मलाही फारसा न्याय्य वाटत नाही, पण तपासणी नाक्यावर माझं मत चालत नाही.

एकदा 'माल' ठरला की पुढचं ओघानं येतं. शेतीचा ट्रॅक्टर हा नियमांनुसार बिगर-वाहतूक वाहन आहे, शेतातल्या कामासाठी आणि शेतीचा माल वाहण्यासाठी. त्याच्यामागे घरसामान लादून दोन जिल्हे ओलांडले की तो मालवाहू वाहन म्हणून वापरला असं धरता येतं आणि मग कलम 66 चा परवाना लागतो. भाडं घेतलं नाही म्हणून सुटका होत नाही, कारण 1988 च्या कायद्यात स्वतःचा माल वाहणाऱ्यालाही परवाना आहे. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला सूट आहे, पण भरलेली ट्रॉली सहसा त्याच्या वर जाते. विनापरवाना वाहतुकीला कलम 192-अ मध्ये 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. जादा भार भरला तर कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनाला 2,000. शिवाय जादा सामान उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. वरोऱ्याच्या रस्त्यावर दुपारी दोन वाजता गव्हाची पोती उतरवत बसण्याची कल्पना करा. कपाटाचे किंवा दिवाणाचे पाय ट्रॉलीबाहेर आले तर त्याचाही दंड 20,000.

भावाच्या लायसन्सची काळजी करू नका. ट्रॅक्टर चालवण्याचं वैध लायसन्स असेल तर मागे ट्रॉली जोडली म्हणून ते निकामी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे नागशेट्टी प्रकरणात 2001 मध्येच सांगितलं आहे.

दोन मजूर ट्रॉलीत बसवणार म्हणता, ते मात्र करू नका. दंड भरून मोकळं होता येतं, अपघातातून होता येत नाही. ट्रॅक्टरची विमा पॉलिसी बहुधा शेतीकामासाठी असते आणि ट्रॉलीचा हप्ता पुष्कळ जण भरतच नाहीत. ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध ब्रिजमोहन या खटल्यात (2007) नेमकं असंच घडलं. शेतीसाठी विमा काढलेला ट्रॅक्टर विटांची माती वाहत होता, ट्रॉलीचा विमा नव्हता आणि तिच्यावरचा मजूर जखमी झाला. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की विमा कंपनी जबाबदार नाही. मजूर गरीब म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत असं सांगितलं, पण ते पुढे ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करण्याची मुभाही दिली. तुमच्या बाबतीत तो मालक म्हणजे तुमचा भाऊ.

आता फळ्या. हा गडचिरोली-चंद्रपूरचा प्रश्न आहे. पुण्याच्या वाचकाने विचारलं असतं तर मला याची आठवणही झाली नसती. आपल्या भागातला साग किती नावाजलेला आहे हे नव्याने सांगायला नको. अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपुरातूनच निघालं. याच सागावर चोरट्यांची नजर असते, म्हणून आलापल्लीहून आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर करत चंद्रपूरला येणाऱ्या रस्त्यावर सागाची फळी दिसली की वनरक्षक हात करणारच.

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 2(6) मध्ये 'इमारती लाकूड' म्हणजे पडलेलं किंवा तोडलेलं झाड आणि कापलेलं, घडवलेलं वा कोरलेलं सगळं लाकूड. व्याख्या एवढी रुंद आहे की तुमचा दिवाणही तिच्यात शिरेल असं वाटावं. मात्र 1996 मध्ये सुरेश लोहिया विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बांबूच्या तट्ट्या वनोपज नाहीत असं ठरवलं. माणसाच्या श्रमाने त्याची वेगळी वस्तू झाली, व्यवहारातही तिला वेगळ्या नावाने ओळखतात, असं त्यामागचं कारण होतं. निकाल बांबूचा असला तरी वापरलेल्या दिवाणासाठी, टेबलासाठी त्यातला तर्क कामी येतो. सुताराचं किंवा दुकानाचं बिल असेल तर सोबत ठेवा. नसेल तर फर्निचरचे घरातले जुने फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

फळीचं तसं नाही. फळी ही फळीच. तिला वाहतूक परवाना, म्हणजे आपली टी.पी., लागते. आणि अधिनियमाच्या कलम 69 प्रमाणे वनोपज सरकारचंच आहे असं गृहीत धरतात, ते तुमचं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्राने 1985 मध्ये घातलेल्या कलम 61-अ खाली वन अधिकाऱ्याला लाकडाबरोबर ते वाहणारं वाहनही सरकारजमा करण्याचा अधिकार आहे. फौजदारी खटल्याच्या निकालापर्यंत थांबण्याची त्याला गरज नाही. विचार करा, दहा-बारा फळ्यांपायी भावाचा ट्रॅक्टर पेरणीच्या दिवसांत वनविभागाच्या आवारात उभा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात, पण विंचवाला टी.पी. लागत नाही.

फळ्या डेपोतून किंवा परवानाधारक आरागिरणीतून घेतल्या असतील तर बिल शोधा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. सोबत घराची कर पावती, फळ्यांची संख्या आणि मापं द्या, अर्जाची पोच घ्या. बिल सापडलं नाही तर फळ्या तिथेच ठेवा किंवा भावाला द्या. त्याच्या घरी एखादा दरवाजा होईल.

एक जोडून सांगतो. प्रवासाच्या दोन्ही टोकांना, गडचिरोलीत आणि वर्ध्यात, दारूबंदी आहे. वाटेत चंद्रपुरात नाही. मजुरांना हे निघण्यापूर्वीच सांगा.

माझं मत विचाराल तर पिवळ्या पाटीची पिकअप किंवा आयशर भाड्याने घ्या आणि भावाचा ट्रॅक्टर घरापासून पक्क्या रस्त्यापर्यंत वापरा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, तरी सामानाची यादी सही करून चालकाकडे द्या, बदलीच्या आदेशाची प्रत तिला जोडा. आरसी, विमा, फिटनेस आणि परवाना यांचे फोटो चालकाकडून आदल्या दिवशीच मागवून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. तिथे लोक भाड्याने ट्रेलर आणून स्वतःच्या कारमागे लावतात आणि घर हलवतात म्हणे. चंद्रपूरहून नागपूरला तसं जाता येईल का?
– एक सेवानिवृत्त वाचक, चंद्रपूर

उत्तर : कायद्याची मनाई नाही. वर सांगितलेलं कलम 2(13) अशा ट्रेलरचा उल्लेखच करतं. पण ट्रेलर नोंदलेला हवा, त्याचा विमा हवा आणि तुमच्या कारला ओढण्याची क्षमता आहे असं कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं हवं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नका असंच छापलेलं असतं. स्थानिक गॅरेजमध्ये हुक लावून घेतला आणि काही झालं, तर विमा कंपनी पहिलं बोट त्या हुकावर ठेवेल. चिरंजीवांना सांगा, इथे पिकअप स्वस्त पडते.

ताईंना पुन्हा एकदा : टी.पी.चा अर्ज बदलीची तारीख येण्याआधी द्या. टी.पी. मिळाली नाही तर फळ्या गाडीत चढवू नका.