सुरिमोनो पारखून घेताना

सुरिमोनो म्हणजे मागणी देऊन खासगीत छापून घेतलेलं लाकडी ठशांचं जपानी चित्र. एदोतली, म्हणजे आजच्या तोक्योतली, क्योका, म्हणजे विनोदी छोट्या कविता, रचणाऱ्या कवींची मंडळं नव्या वर्षाला आपल्या कविता चित्रासह छापून घेत आणि स्नेह्यांना वाटत. प्रती मोजक्या, त्यामुळे कागद-छपाईत हात आखडता नसे. १८९०च्या दशकात नवे ठसे कोरून यांच्या नकला निघाल्या. त्या इतक्या देखण्या आहेत की सराईतही फसतो.

आधी एकच मालिका धरा. चित्रकार होकुसाईची १८२१ची शिंपल्यांची मालिका उत्तम. ३६ चित्रं आहेत आणि तिच्या नकलाही पुष्कळ. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि डब्लिनचं चेस्टर बीटी ग्रंथालय यांच्याकडे सुरिमोनोंचे मोठे संग्रह आहेत. त्यांची छायाचित्रं मोठी करून नजर बसवा.

मग प्रत फ्रेमबाहेर काढून मागा. विक्रेता नाही म्हणाला तर तिथून उठा. चौकोनी सुरिमोनो साधारण २१ बाय १८ सेंटिमीटर भरतं. बरंच कमी भरलं तर कडा छाटलेली असेल. खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. शाईविना दाबलेली नक्षी, किमोनोवरचं विणकाम, लाटांचा फेस, एकदम उठून येतं. जाड, मऊ होशो कागदात हा उठाव खोल बसतो. अतिनील दिव्याखाली कागद निळा-पांढरा चमकला तर तो बहुधा १९५० नंतरचा.

खरी परीक्षा कवितेच्या अक्षरांची. जपानी येत नसलं तरी भिंग घ्या. मोडी वाचता न येणाऱ्यालाही बोरूची पळती ओळ आणि गिरवलेली ओळ वेगळी दिसतेच ना, तसंच हे. अस्सल प्रतीत कुंचला जाड होतो, निमुळता होतो, केसाएवढ्या रेषेने पुढच्या अक्षरात शिरतो. नकलेत ती रेषा अडखळते, टोकं बोथट होतात. छपाईत वापरलेली पितळेची, कथलाची पूड जुन्या प्रतीत बहुधा काळवंडलेली असते. सगळीकडे सारखीच लखलखली तर शंका घ्या, पण एवढ्यावर निकाल देऊ नका.

नक्कल आणि पुनर्मुद्रण यांची गल्लत मात्र करू नका. चित्रकार हारुनोबूची १७६५ची चित्र-पंचांगं बघा. पंचांग छापायला परवाना लागे, म्हणून ३० आणि २९ दिवसांच्या महिन्यांचे आकडे चित्रात लपवलेले असत. पुढे प्रकाशकांनी त्याच ठशांवरून ते आकडे आणि चित्र करवून घेणाऱ्याचं नाव काढून प्रती बाजारात विकल्या. आकडे असलेली प्रत आधीची.

नक्कल आवडली तर जरूर घ्या, किंमत नकलेची द्या आणि बिलावर ‘नंतरची नक्कल’ असं लिहून घ्या. घरी आम्लरहित माउंटला गव्हाच्या खळीने जपानी कागदाच्या पट्ट्यांवर टांगा. सेलोटेप कधीही नको. उन्हाने वनस्पतिजन्य निळा रंग उडतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा, सिलिका जेल घाला आणि दर पंधरवड्याला उघडून बुरशी बघा.