कंदांची विश्रांति व निशिगंधाची लागवड

खोडद व नारायणगांवच्या बाजूस ज्या बागाईतदारांस फुलझाडांचे कंद लावावयाचे असतील, त्यांनीं कोणतें फूल सुंदर हें पाहण्यापूर्वीं तो कंद कोणत्या ऋतूंत निजतो याची चौकशी करावी, असें आमचें सांगणें आहे.

कंद म्हणजे झाडानें वाईट दिवसांसाठीं सांठविलेली शिदोरी होय. भूमध्यसमुद्राच्या कांठीं पाऊस हिवाळ्यांत पडतो व उन्हाळा कोरडा जातो. म्हणून नर्गिसासारखे तेथील कंद उन्हाळ्यांत निजतात. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका त्यांच्या निजेच्या वेळीं येतो, व काळ्या जमिनींत पाणी सांचून ते कुजतात. ट्यूलिपास तर फुलण्यापूर्वीं कित्येक आठवडे थंडी लागते. ती काश्मिरांत मिळते, म्हणून २००७ सालीं खुली झालेली श्रीनगरची बाग बहरते. आपल्या रानांत ती मिळत नाहीं.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा असला तरी त्यास उष्ण व ओलसर हवा मानवते आणि थंडींत तो मंदावतो. म्हणून आपल्या पावसाशीं त्याचें जुळतें. एकेरी फुलांस वास अधिक असून तीं हारांस योग्य. दुहेरी फुलांचे दांडे फुलदाणीसाठीं विकतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची ‘फुले रजनी’ ही एकेरी जात आहे.

लागवड एप्रिल-मे महिन्यांत, निचऱ्याच्या जमिनींत करावी. कंद टणक व सुमारें २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे निवडावे. बोटानें दाबून मऊ लागेल तो टाकून द्यावा. एकदां फुललेला कंद पुन्हां फुलत नाहीं, त्याच्या बाजूचे पिल्लू-कंद फुलतात. दोन-तीन वर्षांत त्यांची दाटी झाली म्हणजे कंद काढून नव्यानें लावावे.

कुकडीच्या कालव्याचें पाणी हातीं असतां बारमाही पाणी देण्याचा मोह होतो. तो येथें घातक आहे. कांदा काढण्यापूर्वीं आपण पाणी तोडतों, माना पडूं देतों, मग सुकवून हवेशीर चाळींत ठेवतों. निशिगंधाचेंही तसेंच करावें. कंद काढावयाचे त्या वर्षीं पानें पिवळीं पडूं लागतांच पाणी बंद करावें, कंद काढून सावलींत सुकवावे, पातळ थरांत पसरून अधूनमधून हलवावे, व महिना-दीड महिना विश्रांति देऊन मग लावावे. नवशिक्यानें पहिल्या वर्षीं एक-दोन वाफ्यांवरच अनुभव घ्यावा; बियाण्याच्या कंदांचा खर्च मोठा असतो, आणि कुजलेल्या कंदाबरोबर तो सर्व जातो.