तेराव्यानंतरचे दुःख

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका मैत्रिणीची आई कर्करोगाने गेली. ती पुन्हा कॉलेजात येऊ लागली तेव्हा आम्ही तिच्याशी परीक्षा, वह्या, गॅदरिंग अशा साऱ्या विषयांवर बोललो. तिच्या आईविषयी मात्र चकार शब्द काढला नाही. तिला रडू येईल, ही भीती. पुढे एकदा तीच म्हणाली, "तुम्ही कुणी आईचं नावच घेत नाही. जणू ती कधी नव्हतीच!" या वाक्याने मला मानसशास्त्राच्या पुस्तकांकडे वळवले. त्या वाचनाचे सार येथे मांडते.

१९४२ साली अमेरिकेत बोस्टन येथे एका नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या आप्तांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी १९४४ साली शोकाची लक्षणे नोंदवली. घसा आवळून येणे, श्वास अपुरा पडणे, गळून जाणे, मृताची मूर्ती सतत डोळ्यांपुढे असणे आणि 'मीच कुठे तरी कमी पडलो' ही बोचणी, ही त्यांतील प्रमुख होत. मृत्यू घडण्यापूर्वीच सुरू होणाऱ्या शोकाचाही त्यांनी उल्लेख केला आहे.

कर्करोगात नेमके हेच घडते. अपघात एका क्षणात माणूस नेतो. हा आजार त्याला घरच्यांच्या डोळ्यांदेखत थोडा थोडा नेतो. उशाशी जागणारा नातलग आधीच शोक करीत असतो. शेवटी 'सुटला बिचारा' असे वाटते, आणि तसे वाटले म्हणून तो स्वतःलाच अपराधी मानतो. 'गाठ आधी का दाखवली नाही?', 'आजाराचे नाव तिला सांगायला हवे होते का?' हे प्रश्न पाठ सोडीत नाहीत.

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली नकार, राग, सौदा, खिन्नता व स्वीकार अशा पाच अवस्था सांगितल्या. पण त्या मरणोन्मुख रुग्णांच्या मुलाखतींवरून सुचलेल्या होत्या, हे आपण विसरतो. मागे राहिलेला माणूस अशा पायऱ्या क्रमाने चढत नाही. स्ट्रोब व शुट या संशोधकांनी १९९९ साली दाखवले की, तो कधी दुःखात बुडतो, तर कधी रोजच्या कामाला लागतो. हे हेलकावे स्वाभाविक आहेत. म्हणून सकाळी हसणारी मुलगी संध्याकाळी रडली, तर त्यात विसंगती नाही.

लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. तेथे मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी मृतांच्या आप्तांसाठी सेवा उभारली. ज्यांना हे दुःख झेपणार नाही असे वाटे, त्यांच्या घरी प्रशिक्षित स्वयंसेवक जात व त्यांचे बोलणे ऐकून घेत. रुग्ण गेला म्हणजे कर्तव्य संपले, असे तेथे मानले नाही.

आपल्याकडेही आधार आहे. सुतकातल्या घरी शेजारी पिठलं-भात आणतात, नातलग मुक्कामाला राहतात. पण तेराव्याचे जेवण झाले की घर रिकामे होते. औषधांच्या बाटल्या, रिपोर्टांची फाइल, भिंतीलगतची रिकामी कॉट यांच्यासह घरची माणसे एकटी उरतात. खरे दुःख तेव्हा सुरू होते आणि आधाराची गरजही तेव्हाच असते.

मग आपण काय करावे? 'देवाची इच्छा', 'आता तूच धीर धर' असली वाक्ये टाळावीत. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याच्या आठवणी विचाराव्यात. महिन्याने, सहा महिन्यांनी, पहिल्या दिवाळीला आवर्जून जावे. रेशन, बँक, दाखले अशी कामे अंगावर घ्यावीत. सहा महिने उलटूनही शोकाची तीव्रता तसूभरही कमी होत नसेल आणि रोजचे जगणे ठप्प झाले असेल, तर तज्ज्ञाकडे न्यावे. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे निघाले, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

परवा मी त्या मैत्रिणीला विचारले, "तुझ्या आईच्या हातचं तुला काय आवडायचं?" ती रडली खरी, पण मग तासभर बोलत राहिली. मी फक्त ऐकले.